छातीचा भार कमी करायचं ऑपरेशन: दवाखान्याचं नंतर बघू, आधी घरातलं बोलू

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या ज्या ताईंनी विचारलंय त्यांच्यासाठी लिहितेय. त्यांचं थोडक्यात असं आहे की वय ३६, दोन मुलं, धाकटं आता शाळेत जायला लागलंय, छाती पहिल्यापासूनच मोठी पण दुसऱ्या बाळंतपणानंतर फारच जड झाली, मान आणि पाठ रोज दुखते, खांद्यावर ब्राच्या पट्ट्यांचे खड्डे पडलेत, पावसाळ्यात छातीखाली लाल होऊन कातडी सोलते. बेळगावच्या डॉक्टरांनी ब्रेस्ट रिडक्शन सुचवलंय. सासूबाई म्हणतात देवानं दिलेलं कशाला कापून घेतेस, नवरा म्हणतो तुझं तू ठरव. आणि त्या विचारतायत की दिवाळीच्या सुट्टीत उरकून घेऊ का, किती दिवस ॲडमिट राहावं लागतं आणि लोकांना काय सांगायचं.

मी बरीच वर्षं प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर आहे. ऑपरेशन डॉक्टर करतात, पण आधीची तयारी आणि नंतरची ड्रेसिंगं आमच्याकडं, त्यामुळे मी जे सांगणार ते त्या बाजूनं सांगणार. कुठली पद्धत, कुठली गोळी हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

ॲडमिट म्हणाल तर एक रात्र, फार तर दोन. पण ताई, त्याची काळजी करू नका, दवाखान्यात तुम्हाला बघायला आम्ही आहोत. त्यानंतरचे ६ आठवडे घरात पाणी कोण भरणार, सिलिंडर कोण सरकवणार, धाकटं झोपेत रडलं तर कोण उचलणार, हे ठरलंय का ते बघा. ऑपरेशनच फसलं अशा बायका मी फार कमी बघितल्यात. घरी गेल्यावर बरं वाटतंय म्हणून भरलेली कळशी उचलली, ओल्या चादरी पिळल्या आणि जखम उघडी पडून परत आल्या, अशा मात्र पुष्कळ. त्यामुळे तारीख ठरवायच्या आधी घरातली माणसं ठरवा.

त्याच्याही आधी, दुखणं खरंच त्या वजनाचं आहे का हे बघून घ्या. तुमची लक्षणं ऐकून तसंच वाटतंय, विशेषतः खांद्यावरचे खड्डे आणि छातीखालची कातडी सोलणं, पण मानेचा मणका, थायरॉइड, रक्त कमी असणं ह्यानंही बायका थकतात, दुखतात, आणि मग ऑपरेशन करूनही मान दुखतच राहिली तर दोष कुणाला द्यायचा. आणि ब्रा. आपल्याकडं दुकानात काउंटरवर पुरुष बसलेला असतो, साइझ मोठ्यानं सांगायची लाज वाटते, मग ४२ द्या म्हणायचं आणि पिशवी उचलून बाहेर पडायचं. खरं म्हणजे छातीखालचा घेर ३६ चाच असतो, कप मोठा पाहिजे असतो. घेर ढिला असला की सगळं वजन खांद्याच्या पट्टीवर येतं आणि पट्टी मांसात रुतते. वजन घेरानं पेलायचं असतं, पट्टीनं नाही. म्हणून नीट माप घेऊन एक चांगली ब्रा घ्या, पाठीचे व्यायाम फिजिओकडून शिकून घ्या, दोन-तीन महिने करून बघा. फरक पडला तर उत्तमच. नाही पडला तर तुमचा निर्णय पक्का होतो आणि कागदही तयार होतात, त्या कागदांचं पुढं सांगते.

वजन उतरवलं तर छाती कमी होईल का, हे प्रत्येकजण विचारते. कुणाच्या छातीत चरबी जास्त असते त्यांची थोडी कमी होते, कुणाच्यात ग्रंथीच जास्त असते त्यांची फारशी होत नाही. पण वजन फारच जास्त असेल तर जखमा भरायला त्रास होतो, म्हणून डॉक्टर थोडं उतरवायला सांगतात आणि काही महिने ते वजन एका जागी राहिलं पाहिजे म्हणतात. ऑपरेशननंतर दहा-पंधरा किलो उतरवलेत तर छाती परत ओघळते, मग पैसे आणि दुखणं दोन्ही वाया. तिसरं मूल नको हे पण नवराबायकोनं आधी नक्की करा. ऑपरेशननंतर दूध पाजता येतं का ह्याचं एकच उत्तर नाही, काहींना येतं, काहींना अपुरं येतं, काहींना येतच नाही, ते पद्धतीवर अवलंबून. (लग्न न झालेल्या मुलींच्या आयांनी हे वाक्य दोनदा वाचा. छातीची वाढ थांबल्याशिवाय, निदान वर्षभर माप बदललेलं नाही असं दिसल्याशिवाय घाई करू नका, फारच मोठा त्रास असला तर गोष्ट वेगळी.)

आता ऑपरेशनमध्ये नेमकं करतात काय, कारण बायकांच्या डोक्यात असतं की निप्पल कापून बाजूला ठेवतात आणि परत शिवतात. बहुतेकींच्या बाबतीत तसं नसतं. निप्पल आतल्या मांसाच्या एका पट्ट्याला धरूनच ठेवतात, त्या पट्ट्यातून रक्त येतं, संवेदना येते, आणि तो पट्टा तसाच वर सरकवून नवीन जागी बसवतात. खालची आणि बाजूची जादा ग्रंथी, चरबी, कातडी काढतात. त्यामुळे निप्पलच्या काळ्या भागाभोवती गोल, तिथून खाली सरळ, आणि मोठ्या छातीत खालच्या घडीत आडवा, असा उलट्या टी अक्षरासारखा व्रण राहतो. गळ्याखालच्या खळगीपासून निप्पलपर्यंतचं अंतर टेपनं मोजतात. साधारण २० सेंटिमीटरच्या आसपास असायला हवं ते, आमच्याकडं येणाऱ्यांचं ३० च्या पुढं सहज भरतं. फारच जास्त असलं की तेवढ्या लांब पट्ट्यातून रक्त पोचेल की नाही शंका असते, तेव्हा मात्र निप्पल सुटं काढून कातडीसारखं लावावं लागतं, आणि मग तिथली संवेदना आणि दूध दोन्हींवर पाणी सोडायचं. तुमचं अंतर किती भरलं हे डॉक्टरांना विचारा, लाजू नका, सगळा प्लॅन त्याच्यावर ठरतो. नुसती चरबी ओढून घेणारं लायपोसक्शनही असतं, पण लोंबणारी कातडी त्यानं जात नाही.

डॉक्टर निवडताना डिग्री बघा. एम.एस. झाल्यावर प्लास्टिक सर्जरीचं एम.सीएच. किंवा डीएनबी केलेले पाहिजेत, ब्युटी क्लिनिकच्या बोर्डाला भुलू नका. बेळगाव, हुबळी, कोल्हापूर, मिरज, सगळीकडं असे डॉक्टर आहेत आणि तुम्हाला सगळं तीन-चार तासांच्या आतलं. पण पहिल्या महिन्यात ड्रेसिंगला सारखं यावं लागतं, म्हणून नाव कितीही मोठं असलं तरी लांबचं गाव मी सुचवणार नाही. त्यांनी आधी केलेल्या पेशंटचे फोटो बघायला मागा, सहा महिने-वर्षानंतरचे, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीचे, कारण आपल्यात व्रण जाड आणि काळसर राहायचं प्रमाण जास्त. आणि संमतीचा फॉर्म इंग्लिशमध्ये नाहीतर कन्नडमध्ये असतो, तो नुसती सही करून द्यायचा नाही, मराठीत वाचून समजावून सांगा म्हणायचं. तो तुमचा हक्क आहे, आणि आमच्यातल्या निम्म्या सिस्टरना मराठी-कन्नड दोन्ही येतात.

तयारीत पहिलं हिमोग्लोबिन. आपल्याकडच्या बायकांचं कमीच असतं, आणि आदल्या आठवड्यात कळलं तर गोळ्यांनी वर यायला वेळच उरत नाही, तारीख तरी पुढं जाते नाहीतर रक्त चढवायची वेळ येते. म्हणून दोन महिने आधी तपासा. साखर, थायरॉइड, ईसीजी भूल देणारे डॉक्टर सांगतीलच. तुमच्या वयाला छातीची सोनोग्राफी करतात, चाळिशी ओलांडली असेल किंवा घरात कुणाला कॅन्सर झालेला असेल तर मॅमोग्राफी. काढलेला भाग दोन्ही बाजूंचा वेगवेगळा वजन करून पॅथॉलॉजीला जातो, तो रिपोर्ट मागून घ्या आणि जपून ठेवा.

दुसरं जे विचारते ते कृपया खरं सांगा. मशेरी. डॉक्टर विचारतात तंबाखू खाता का, बाई म्हणते छे, आणि ते तिच्या मते खरंच असतं कारण मशेरी म्हणजे तिच्या लेखी दात घासणं. शेजारी नवरा, सासरा बसलेला असला की तर विचारूच नका. निपाणी-चिकोडीकडच्या तर सोडाच, शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बायकासुद्धा सकाळी-संध्याकाळी लावतात. तंबाखू भाजली म्हणून त्यातलं निकोटीन जात नाही. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि ह्या ऑपरेशनमध्ये निप्पल जगतं तेच मुळी त्या बारीक रक्तवाहिन्यांवर. निप्पल काळं पडून गळून जाणं हे क्वचित होतं, पण ज्यांच्यात होतं त्यांच्यात तंबाखू हे मोठं कारण. निदान ४ आठवडे आधी आणि ४ आठवडे नंतर पूर्ण बंद. जमणार नसेल तर डॉक्टरांना एकटीनं भेटून तसं सांगा, कुणी ओरडणार नाही, फक्त तारीख पुढं ढकलतील.

ॲस्पिरिन, पाठदुखीसाठी मनानं घेतलेल्या ब्रुफेनसारख्या गोळ्या, व्हिटॅमिन ई, लसणाच्या कॅप्सूल, वैद्याचा काढा, हे सगळं एका कागदावर लिहून न्या, ह्यातल्या काहींनी रक्तस्राव वाढतो आणि त्या आधी बंद कराव्या लागतात. पाळी न येण्याच्या किंवा मूल न होण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्याही लिहा. बीपी-थायरॉइडच्या गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत.

घरात काय करायचं तर रोज लागणारे डबे वरच्या फळीवरून छातीच्या उंचीला आणून ठेवा, कारण पहिले काही आठवडे हात डोक्यावर नेऊन काही काढायचं नाही. पुढून बटणं असलेले दोन-तीन गाऊन घ्या. उशा जास्तीच्या ठेवा, पाठीवर टेकून अर्धवट बसल्यासारखं झोपायचंय, कुशीवर आणि पालथं नाही. नवीन ब्रा आधी आणून ठेवू नका, सूज उतरेपर्यंत माप कळत नाही, दवाखान्यातून सर्जिकल ब्रा मिळते तीच दिवसरात्र घालायची.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री हलकं जेवा, नंतर किती वाजल्यापासून पाणीसुद्धा बंद ते भूलवाले सांगतील, तेवढं काटेकोर पाळा. सकाळी डॉक्टर तुम्हाला सरळ उभं करून मार्करनं छातीवर रेघा मारतात, निप्पल नवीन कुठं येणार तो ठिपका, कुठून कापायचं त्या रेघा. झोपल्यावर छाती बाजूला पसरते म्हणून हे उभ्यानंच करावं लागतं. दहा-पंधरा मिनिटं तसं उघडं उभं राहणं बायकांना ऑपरेशनपेक्षा अवघड जातं, मी बघते ना. एक सिस्टर जवळ असतेच, नसली तर बोलवा म्हणा. त्या रेघा पुसायच्या नाहीत, त्याच्यावर गाऊन घासू द्यायचा नाही. फोटो काढतात तेव्हा चेहरा येणार नाही हे विचारून घ्या.

ऑपरेशन दोन ते चार तास चालतं, पूर्ण भूल देऊन. उठल्यावर छाती घट्ट बांधल्यासारखी वाटते, बाजूनं कधी रक्त ओढणारी नळी असते, कधी नसते, असली तर एक-दोन दिवसात काढतात. सीझर झालेल्या बहुतेक बायका मला म्हणतात की सिस्टर, त्यापेक्षा हे कमी दुखलं. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी आम्ही चालवतो, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून, तेव्हा मला झोपू द्या म्हणून भांडू नका.

पहिल्या दोन दिवसात एकच बाजू अचानक टणक होऊन फुगली, तिकडं दुखणं वाढत गेलं, तर आत रक्त साठलेलं असू शकतं, रात्री दोन वाजता असलं तरी फोन करायचा. निप्पल निळं-काळं दिसायला लागलं, १०१ च्या वर ताप आला, जखमेतून वास येणारा स्राव आला, पोटरी सुजली, दम लागला, ह्यातलं काहीही झालं तर पुढच्या ओपीडीच्या तारखेची वाट बघायची नाही.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवते म्हणजे घाबरणार नाही. उलट्या टी च्या रेघा जिथं मिळतात, छातीच्या घडीत अगदी मधोमध, तिथं कातडीवर सगळ्यात जास्त ताण असतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तिथं बोटाच्या पेराएवढी जखम उघडते, पिवळट दिसते, बाई आरशात बघते आणि रडत फोन करते. ही ह्या ऑपरेशनमधली नेहमीची तक्रार आहे. ड्रेसिंग करत राहिलं की ती आपोआप भरते, वेळ लागतो इतकंच. तिथं हळद, खोबरेल, कुणी दिलेला पाला, ह्यातलं काही लावायचं नाही. तसंच वांगं, डाळ, अंडी खाल्ली की पू होतो म्हणून आपल्याकडं पेशंटला नुसत्या भात-तुपावर ठेवतात, ते करू नका. जखम भरायला प्रोटीन लागतं. डाळ, अंडी, मासे, दूध, जे चालतं ते भरपूर खा. आणि त्या महिन्यात गुरुवार, संकष्टी, सगळे उपास बंद. सासूबाईंना सांगा सिस्टरनं सांगितलंय.

कामाचं म्हणाल तर बसून करायचं काम असेल तर दोन आठवड्यांनी जमतं. दोन-तीन किलोच्या वरचं काही ४ ते ६ आठवडे उचलायचं नाही, म्हणजे कळशी नाही, पोर नाही, कणकेचा मोठा गोळा तिंबणं पण नाही. गाडी तीन-चार आठवडे चालवू नका, तुमच्या भागातल्या रस्त्यांवर तर त्याहून उशिराच. बसचं एक सांगते, कर्नाटकात शक्ती योजनेमुळे बायकांना सरकारी बसला पैसे लागत नाहीत पण बस भरलेली असते आणि उभं राहून वरचा दांडा धरायचा म्हणजे टाक्यांवर सगळा ताण. ड्रेसिंगला येताना तेवढे दिवस रिक्षा नाहीतर कुणाची कार बघा, सीटबेल्टखाली छोटी उशी धरा.

पट्टी काढून पहिल्यांदा बघाल तेव्हा छाती चौकोनी, फार वर आणि सुजलेली दिसेल. काहीजणी तिथंच नाराज होतात. आकार बसायला ६ महिने ते वर्ष लागतं. दोन्ही बाजू अगदी एकसारख्या होत नाहीत, आधीही नव्हत्या. कपचा अमुकच नंबर मिळेल असं कुणी छातीठोक सांगत असेल तर मी त्याच्याकडं जाणार नाही. निप्पलची संवेदना सुरुवातीला कमी किंवा विचित्र असते, बहुतेकींची काही महिन्यांत परत येते, काहींची पूर्ण येत नाही. हे नवऱ्यालाही माहीत पाहिजे, म्हणून एका भेटीला त्यांना घेऊन जा, "तुझं तू ठरव" म्हणून बाहेर बाकावर बसू देऊ नका. व्रण सहा महिने लाल-काळसर राहतात, मग वर्ष-दीड वर्षात फिके होतात, जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉन जेल किंवा पट्टी लावायला देतात ती नेमानं लावा. घरात कुणाला गाठीसारखे व्रण उठतात असं असेल तर आधी सांगा. पुढं कधी छातीत गाठ लागली तर ती चरबी सुकून झालेलीही असू शकते, पण ते तपासूनच ठरवायचं, आणि तपासणाऱ्याला हे ऑपरेशन झालंय म्हणून सांगायचं.

इन्शुरन्सचं. बहुतेक पॉलिसीत कॉस्मेटिक सर्जरी वगळलेली असते, आणि टीपीएवाले (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणारे) ऑपरेशनचं नाव बघूनच नाही म्हणतात. पण त्याच कलमात अपवाद लिहिलेला असतो, तब्येतीला थेट धोका टाळायला लागणारा उपचार असेल आणि तसं डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर. म्हणून कागद पाहिजेत: फिजिओचे, कातडीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, हाडाच्या डॉक्टरांचं मत, खांद्यावरच्या वळांचे फोटो. मंजुरी ॲडमिट व्हायच्या आधी घ्या. मिळेलच असं नाही. रोख भरणार असाल तर पॅकेजमध्ये भूल, पॅथॉलॉजी, सर्जिकल ब्रा आणि नंतरची ड्रेसिंगं धरलीत का हे लिहून मागा, वाद तिथंच होतात.

लोकांना काय सांगायचं, तर काहीही सांगा पण "गाठ काढली" म्हणू नका. बायका लपवायला तेच सांगतात आणि आठवडाभरात गल्लीभर कॅन्सर झाल्याची बातमी होते, मग शहाळी घेऊन माणसं यायला लागतात आणि उद्या मुलीच्या लग्नात कुणीतरी ते उकरून काढतं. पाठीच्या दुखण्याचं ऑपरेशन झालं म्हणा. खोटं पण नाही ते. सासूबाईंना मात्र खरं सांगा, त्यांच्याच जिवावर ६ आठवडे काढायचेत. त्यांना खांद्यावरचे खड्डे एकदा दाखवा, नुसतं सांगून समजत नाही.

दिवाळीत नको. फराळ, पाहुणे, माहेरी जाणं, तुम्ही गप्प बसणार नाही आणि बसलात तरी कुणी बसू देणार नाही. पावसाळ्यात खानापूरकडं ब्रा आणि कपडे वाळत नाहीत, ओल्यानं जखम चिघळते. उन्हाळ्यात घामानं ती घट्ट ब्रा सहन होत नाही. तुळशीच्या लग्नानंतर ते संक्रांतीपर्यंत कधीही करा, फक्त जवळचं लग्नकार्य नाही ना ते बघून. मशेरी असेल तर आजपासून बंद करा, ह्या आठवड्यात हिमोग्लोबिन तपासा आणि आकडा किती आला ते इथंच कळवा, मग तारखेचं बोलू.